होया वाढतोय जोमात, पण फुलत का नाही?

ओलीमाती

घरात टांगलेल्या कुंडीत होया कार्नोसा हा शोभेचा वेल आहे. छोटी फांदी लावून वाढवलेला, आता वेली पार खालच्या पुस्तकांच्या कपाटाला टेकल्यात. पानं जाड, चकचकीत, कुठे पिवळेपणा नाही, कीड नाही. रोप म्हणून तक्रारीला जागाच नाही. पण फूल म्हणाल तर आजवर एकही नाही.

लोकांनी टाकलेले फोटो बघितले की जीव तुटतो. गुलाबीसर मेणाच्या चांदण्यांचे ते झुबके! माझ्या वेलीला का येत नसावेत?

कुंडी खिडकीपासून बऱ्यापैकी आत, कपाटाच्या वर टांगलेली आहे. खोली उजेडाची आहे, दिवसा दिवा लावावा लागत नाही. माती नेहमीची बागेची, थोडं कोकोपीट घातलेलं. पाणी ठरलेल्या दिवशी देते.

दुसरा प्रश्न. मधूनमधून हातभर लांब, बिनपानांच्या नुसत्या काड्या निघतात आणि हवेत लोंबकळतात. बघायला विचित्र दिसतात. त्या छाटाव्यात का? छाटल्या तर ताकद पानाफुलांकडे जाईल असं कुणीतरी सांगितलं, पण हात धजावला नाही.

अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहा. घाई नाही, पण हा वेल मला फुललेला बघायचाच आहे.

रानवेल

ओलीमाती, आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, कारण त्यात नुकसान होण्यासारखं आहे. त्या काड्या अजिबात छाटू नका. होया आधी वेल लांब सोडतो, आधार शोधतो आणि मग सावकाश त्यावर पानं धरतो. काडी नीट जवळून बघा. ठरावीक अंतरावर पेरं दिसतील आणि प्रत्येक पेरापाशी समोरासमोर दोन बारीक टोकं. तीच उद्याची पानं. फुलांचे दांडेही बऱ्याचदा याच काड्यांवर निघतात. काडी वाळून तपकिरी, पोकळ झाली तरच तेवढा भाग कापा.

लोंबकळणं आवडत नसेल तर काडी हळूच वळवून कुंडीच्या दोऱ्यांना किंवा तारेच्या गोल कडीला गुंडाळा. कोवळं टोक मात्र वाकवू नका, ते कचकन मोडतं.

आता फुलांचं. तुमच्या वर्णनात मला एकच गोष्ट खटकते, ती म्हणजे कुंडीची जागा. खोली उजेडाची असणं आणि रोपाला उजेड मिळणं यात फार फरक आहे. आपला डोळा कमी उजेडाशी चटकन जुळवून घेतो, त्यामुळे खोली आपल्याला लख्ख वाटते. प्रत्यक्षात खिडकीपासून दोन-तीन पावलं आत गेलं की उजेड काचेपाशी असतो त्याच्या कितीतरी कमी होतो. त्यातून कुंडी उंच, छताजवळ असेल तर खिडकीच्या वरच्या कडेच्याही वर जाते आणि तिला आकाश दिसतच नाही. कुंडीच्या जागी डोकं नेऊन बघा. तिथून आकाशाचा तुकडा दिसतो का? दिसत नसेल तर होया जगेल, पानंही देईल, पण फुलणार नाही.

सोपी परीक्षा सांगते. दुपारी वेलीच्या पानांवर तळहात धरा. सावलीची कड स्पष्ट दिसली तर उजेड चांगला आहे. सावली नुसती धूसर असेल तर फुलांची आशा कमी. सावलीच पडत नसेल तर जागा बदला.

उगवतीकडची खिडकी सगळ्यात उत्तम. सकाळचं कोवळं ऊन दोन-तीन तास थेट पानांवर आलं तरी कार्नोसाला ते मानवतं. मावळतीच्या किंवा दुपारच्या कडक उन्हात मध्ये पातळ पडदा हवा, नाहीतर पानांवर फिकट, वाळके चट्टे येतात आणि ते पुन्हा हिरवे होत नाहीत. जागा एकदम बदलू नका. आठ-दहा दिवसांत टप्प्याटप्प्याने पुढे सरकवा. उजेड वाढल्यावर पानं किंचित फिकट किंवा लालसर झाली तर घाबरू नका.

खिडकी नसेलच तर एलईडीचा वाढीचा दिवा चालतो. वेलीपासून साधारण 30 सेंटीमीटरवर, रोज 12 तास. रात्री मात्र बंदच.

नवांकुर

वाचतेय. माझा होया तर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात आहे, तिथून आकाश दिसायचा प्रश्नच नाही. आजच हलवते.

गच्चीकर

रानवेलताईंच्या प्रत्येक शब्दाला अनुमोदन. मी फक्त फुलदांड्याबद्दल लिहितो, कारण होया पाळणाऱ्यांचं सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं.

होयाची फुलं थेट वेलीवर येत नाहीत. पानाच्या बगलेतून एक आखूड, बोथट दांडा निघतो, त्याच्या टोकाला कळ्यांचा घोस धरतो. इंग्रजीवाले त्याला पेडंकल म्हणतात. फुलं गळून गेली तरी बहुतेक जातींत हा दांडा तसाच हिरवा राहतो आणि पुढच्या बहराला त्याच टोकावर पुन्हा कळ्या येतात. जुन्या वेलीवरचा दांडा भिंगातून बघा. प्रत्येक बहराच्या गळालेल्या फुलांच्या खुणा एकापुढे एक, बारीक कड्यांसारख्या उठलेल्या असतात. दांडा दरवेळी किंचित लांब होतो. काही वेलींवर तो बोटाच्या पेराएवढा झालेला मी पाहिलाय.

गुलाबाची किंवा जास्वंदीची सवय असलेले लोक काय करतात? फुलं सुकली की देठासकट कापून टाकतात. तिथे ते बरोबर आहे. होयात मात्र तो कापलात तर वेलीला नवा दांडा पहिल्यापासून तयार करावा लागतो आणि त्यात एखादा हंगाम सहज जातो.

ओलीमाती, तुमच्या वेलीवर असे दांडे आधीच असण्याची शक्यता आहे. एकेक पान उचलून त्याच्या बुडाशी बघा. काडीपेक्षा जाड, टोकाला बारीक खवल्यांचा गोळा असलेलं काही दिसतं का? असेल तर वेल वयात आलाय आणि फक्त उजेडासाठी अडलाय.

एक अपवाद लक्षात ठेवा. होया बेला नावाची बारीक पानांची, झुबकेदार लोंबणारी जात आहे. तिची फुलं फांद्यांच्या टोकांना येतात. तिची टोकं आकार देण्यासाठी खुडत बसलं की फुलंच खुडली जातात.

ओलीमाती

रानवेलताई, डोकं नेऊन बघितलं. तिथून समोरची भिंत दिसते, आकाश नाही. कळलं. गच्चीकर, दांडे शोधले. दोन ठिकाणी तुम्ही म्हणता तसं बोथट टोक आहे, पण त्यावर काहीच नाही, नुसता खडबडीत गोळा. हेच का ते?

गच्चीकर

हेच ते. त्यांना सांभाळा.

पर्णिका

मला वाटतं पाण्याचाही दोष असेल. मी माझ्या होयाला दर चार दिवसांनी पाणी देते आणि माती कायम ओलसर ठेवते. मूळ जंगलात दमट हवेत वाढणारी वनस्पती आहे, तिला कोरडं ठेवणं क्रूरपणाचं नाही का?

रानवेल

पर्णिका, तुमची काळजी समजते, पण दमट हवा वेगळी आणि ओली मुळं वेगळी. होया जंगलात बहुधा जमिनीत नसतोच. झाडांच्या खोडांवर, फांद्यांच्या बेचक्यांत, सालीच्या भेगांत साठलेल्या पालापाचोळ्यात तो मुळं रोवतो. पाऊस आला की मुळं चिंब होतात आणि वारा लागला की काही तासांत सुकतात. खाली पाणी साचून राहणं हा प्रकार त्याच्या मुळांना ठाऊकच नाही. म्हणून तर त्याने पानं जाड केली, पाणी त्यांत साठवलं.

चार दिवस, आठ दिवस असा नियम मी कुणालाच सांगणार नाही. त्याच घरात, त्याच कुंडीला उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा पाणी लागेल आणि थंडीत तीन आठवडे लागणार नाही. पानालाच विचारा. वेलीवरचं जुनं, पूर्ण वाढलेलं पान दोन बोटांत धरून दोन्ही कडा हलकेच एकमेकींकडे वाकवा. ताठ राहिलं, मोडेल असं वाटलं, तर त्याच्यात पाणी आहे, परत जा. मऊपणे वाकलं तर पाणी द्या. दिलंत की भरपूर द्या, तळाच्या भोकांतून वाहून जाईपर्यंत, आणि ताटलीत साचलेलं ओतून टाका. वरवर कपभर पाणी शिंपडण्याने वरची माती ओली आणि तळाची मुळं तहानलेली राहतात.

ही परीक्षा कार्नोसा, प्युबिकॅलिक्स, ऑस्ट्रेलिस अशा मध्यम जाड पानांना लागू पडते. बदामाच्या आकाराची पानं असलेल्या केरीला नाही, कारण तिचं पान तहानलेलं असतानाही वाकत नाही. तिथे पानावर सुरकुत्या पडतात का ते बघा. आणि बेला किंवा लिनिअरिस यांची पानं लहान, पातळ, त्यांत साठा कमी. त्यांना इतकं कोरडं होऊ देऊ नका.

सुरकुतलेल्या पानांबद्दल एक सावधगिरी. पानं लोळलीत आणि माती ओली आहे, तर पाणी अजिबात घालू नका. मुळं कुजली असली की वेल पाण्यात बसून तहानलेला राहतो. कुंडीतून काढून बघा. निरोगी मुळं पांढरट, टणक असतात. कुजलेली तपकिरी होतात आणि ओढली की साल हातात येते, आत नुसता दोरा उरतो. ती कापून टाका, नव्या कोरड्या मिश्रणात लावा.

ओलीमाती, तुमच्या बागेच्या मातीबद्दलही हेच म्हणेन. ती दाबून बसते, हवा खेळत नाही. नारळाच्या सोडणाचे तुकडे किंवा ऑर्किडसाठी वापरतात ती साल निम्मी, कोकोपीट पाव, परलाइट (कुंडीत घालतात ते पांढरे, हलके खडे) पाव असं काहीसं मिश्रण करा. प्रमाण तंतोतंत नसलं तरी चालेल. पाणी ओतल्यावर ते क्षणात खाली गेलं पाहिजे, हीच कसोटी.

पर्णिका

पानाची परीक्षा करून बघितली. कडक! म्हणजे माझी कुंडी गरजेपेक्षा ओली आहे. आता थांबते.

हिरवाकंच

कुंडी आवळ असली, मुळं दाटली, की होयाला फुलं येतात असं सगळीकडे वाचतो. मग माती बदलताना तीच कुंडी ठेवायची का?

गच्चीकर

ठेवा, पण कारण वेगळं आहे. मुळं गुदमरली म्हणून घाबरून वेल फुलतो हे मला पटत नाही. मोठ्या कुंडीत मुळांच्या मानाने मिश्रण जास्त असतं, ते दिवसेंदिवस ओलं राहतं, मुळं आजारी पडतात. लहान कुंडी लवकर सुकते, मुळं धड राहतात, म्हणून वेल धड राहतो. मोकळ्या, झरझर सुकणाऱ्या मिश्रणात जरा मोठ्या कुंडीतही होया छान फुललेले मी पाहिलेत. उलट मुळांचा नुसता घट्ट गोळा झाला, पाणी आत शिरेनासं झालं, तर तोही वेल रोडावतो. बदलायचीच वेळ आली तर एक माप मोठी घ्या, म्हणजे व्यासात तीन-चार सेंटीमीटरने, त्याहून नको.

कळ्या किंवा फुलं असताना मात्र कुंडी बदलू नका.

रानवेल

इथे माझं थोडं वेगळं मत आहे. प्लास्टिकच्या कुंडीत गच्चीकर म्हणतात ते खरं. मातीच्या कुंडीत भिंतींतूनही पाणी उडतं, त्यामुळे माप चुकलं तरी बऱ्याचदा निभावून जातं. फक्त होयाची मुळं मातीच्या भिंतीला घट्ट चिकटतात आणि पुढे काढताना तुटतात, त्यामुळे मी टांगायला प्लास्टिकच वापरते. वजनालाही हलकी.

नवांकुर

आणि खत? फुलांसाठी स्फुरद जास्त असलेलं खत घालायचं असतं ना?

रानवेल

अंधारात ठेवलेल्या होयाला कुठलंही खत फुलवू शकत नाही. उजेडातल्या होयाला साधं, समतोल द्रवखत पुरतं. पाकिटावर लिहिलंय त्याच्या निम्म्या तीव्रतेचं, नवी वाढ दिसत असताना महिन्यातून एकदा किंवा दोनदा. कोरड्या मुळांवर खत ओतू नका, आधी साध्या पाण्याने भिजवा. थंडीत वाढ थांबली की खतही थांबवा. त्या काळात पाणी कमी आणि रात्री जरा गारवा मिळाला तर कार्नोसाला पुढच्या बहरासाठी ते चांगलंच असतं. मात्र 10 अंशांच्या खाली तापमान जाऊ देऊ नका आणि हीटर किंवा वातानुकूलन यंत्राचा थेट झोत नको.

गांडूळखत घालायचं तर मूठभर, वर्षातून एकदा. जास्त घातलं की मिश्रण पुन्हा चिकट होतं.

सांजसावली

मला भेट म्हणून बदामाच्या आकाराचं एकच पान लावलेली कुंडी मिळालीये. केरी म्हणे. कित्येक महिने झाले, पान टवटवीत आहे, पण तसूभरही वाढलेलं नाही. काय करू?

गच्चीकर

त्या पानाला बुडाशी खोडाचा तुकडा, म्हणजे पेर आहे का, ते हलक्या हाताने माती सारून बघा. नुसतं पान आणि देठ असेल तर त्याला मुळं फुटतात, ते वर्षानुवर्षं हिरवंही राहतं, पण वेल कधीच होत नाही, कारण नवा कोंब पेरावरच्या डोळ्यातून येतो आणि तिथे डोळाच नाही. पेर असेल तर कोंब येऊ शकतो, पण केरी मुळातच संथ. वर्ष-दीड वर्ष लागलं तरी नवल नाही. वेल हवा असेल तर किमान दोन पेरांची, जोडीने पानं असलेली फांदी घ्या आणि नवी सुरुवात करा. हे पान आहे तसं जपा, तेही देखणंच असतं.

सांजसावली

बघितलं, नुसता देठच आहे. वाईट वाटलं, पण निदान वाट बघणं थांबलं. धन्यवाद.

दवबिंदू

मदत हवी आहे! माझ्या होयाच्या पानांच्या बगलेत कापसासारखं पांढरं काहीतरी आलंय. पानं चिकट झालीत आणि मुंग्या चढतायत. दांड्यावर बारीक कळ्याही आहेत, त्या गमवायच्या नाहीत.

रानवेल

दवबिंदू, तो पिठ्या ढेकूण, म्हणजे मिलीबग. होयाचा सगळ्यात चिवट शत्रू. घाबरू नका, पण आजच्या आज कामाला लागा.

पहिलं, कुंडी बाकीच्या झाडांपासून दूर न्या. दुसरं, 70 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कान साफ करायच्या कापसाच्या काड्या घ्या. दिसेल त्या प्रत्येक पांढऱ्या ठिपक्याला काडी टेकवा. कीड लगेच तपकिरी पडते, मग पुसून काढा. दिसेल तिथेच थांबू नका. या किडीला लपायला आवडतं. पान जिथे खोडाला मिळतं ती खाच, वेली एकमेकींभोवती वळल्यात तिथल्या फटी, पानाखालची मधली शीर, टांगायच्या दोऱ्यांच्या गाठी आणि कुंडीच्या कडेची आतली बाजू. कॉम्पॅक्टा, म्हणजे पिळलेल्या दोरासारखी पानं असलेली जात असेल तर तिच्या प्रत्येक घडीत बघावं लागतं.

फुलदांड्याचं टोक विशेष जपून तपासा. त्या खडबडीत खवल्यांत एखादी मादी दडली की तिला कळ्यांचा कोवळा रस आयताच मिळतो. कळ्यांवर अल्कोहोल जाऊ देऊ नका. तिथे कोरड्या मऊ कुंचल्याने कीड झटका.

तिसरं, आणि हेच बहुतेक जण सोडून देतात: हे सगळं दर आठवड्याला, सलग चार आठवडे करा, कीड दिसत नसली तरी. कापसासारख्या पुंजक्यांत शेकडो अंडी असतात, ती नंतर फुटतात. जोडीला कडुनिंबाचं तेल: लिटरभर कोमट पाण्यात 5 मिलिलिटर, द्रवरूप साबणाचे काही थेंब घालून चांगलं घुसळून, संध्याकाळी. उन्हात फवारलं तर पानं भाजतात. आधी एका पानावर करून बघा. कळ्यांवर तेही नको.

मुंग्यांचाही बंदोबस्त करा. मिलीबगच्या गोड चिकट्यासाठी त्या येतात आणि किडीला इकडून तिकडे नेतात, तिच्या शत्रूंना हाकलतात. मुंग्या आहेत तोवर कीड परत येत राहील.

इतकं करूनही वेल मलूल राहिला तर कुंडीतून काढून मुळं बघा. मुळांवर आणि कुंडीच्या आतल्या भिंतीवर पांढरी भुकटी दिसली तर तो मुळांवरचा मिलीबग. मग सगळं जुनं मिश्रण टाकून द्या, मुळं धुवा, नवीन मिश्रणात लावा.

कोवळ्या टोकांवर पिवळाधमक, काळ्या पायांचा मावा दिसला तर तो वेगळा. रुईवर आणि कण्हेरीवर असतो तोच. तो पाण्याच्या जोरदार धारेनेही जातो.

हिरवाकंच

पण फुलं आली की पानांवर चिकट थेंब पडतातच ना? ते आणि हे ओळखायचं कसं?

रानवेल

चांगला प्रश्न. फुलांचा मध फुलांच्या बरोबर खालीच पडतो आणि फुलं संपली की थांबतो. चिकटपणा फुलांपासून दूरच्या पानांवर असेल, किंवा वेलीला फुलं नसतानाच असेल, तर वरची पानं उलटून कीड शोधा.

दवबिंदू

केलं सगळं. तुम्ही म्हणालात तसंच, एक मादी दांड्याच्या टोकातच दडलेली सापडली. मांजर वेलीला तोंड लावते, ते चालेल का?

गच्चीकर

अमेरिकेतल्या एएसपीसीए या प्राण्यांसाठीच्या संस्थेने होया कार्नोसा मांजर-कुत्र्यांसाठी बिनविषारी म्हणून नोंदवलाय. अल्कोहोल किंवा फवारणी केलेली पानं मात्र मांजरापासून लांब ठेवा. आणि फांदी मोडली की पांढरा चीक गळतो, तो डोळ्यांना लागू देऊ नका, काहींच्या त्वचेलाही खाज सुटते.

वनविहारी

चिकाचा विषय निघालाच आहे तर लिहितो. होया आपल्या रुईच्याच कुळातला. कार्नोसाचं वर्णन पहिल्यांदा झालं तेव्हा त्याला रुईच्या जवळच्या अस्क्लेपिअस या प्रजातीतच घातलं होतं. पुढे 1810 साली रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याची वेगळी प्रजात केली आणि टॉमस हॉय या माळ्याचं नाव तिला दिलं. हॉय इंग्लंडमध्ये सायन हाउसच्या बागेचा मुख्य माळी होता. एका माळ्याचं नाव आज 500 हून अधिक जातींना लागलेलं आहे, याचा मला फार आनंद वाटतो. आशियाच्या उष्ण भागापासून ऑस्ट्रेलियापर्यंत आणि पॅसिफिकमधल्या बेटांवर या जाती पसरल्यात. सह्याद्रीच्या जंगलातही होया वाइटिआय ही इथलीच जात झाडांवर चढलेली सापडते.

फुलं आली की भिंग घेऊन नक्की बघा. खालची पाच पाकळ्यांची चांदणी मखमली असते, बारीक लव असलेली. तिच्यावर दुसरी, चकचकीत चांदणी बसवल्यासारखी दिसते, तो मुकुट. मुकुटाच्या दोन टोकांच्या मध्ये बारीक फट असते. परागकण सुटे नसतात, त्यांच्या मेणचट पिशव्या जोडीने एका चिमट्याला लटकलेल्या असतात. कीटकाचा पाय त्या फटीत अडकला की चिमटा पायाला धरतो आणि जोडी त्याच्याबरोबर उडते. रुईतही हीच रचना. घरात ते कीटक नसतात, म्हणून शेंगा क्वचितच धरतात. धरल्याच तर रुईसारख्याच: आत चपट्या बिया आणि त्यांना रेशमी म्हातारीचे केस.

पर्णिका

वनविहारी, फार सुंदर लिहिलंत. आता रुईकडेही वेगळ्या नजरेने बघेन.

ओलीमाती

धागा थोडा वर काढते, सांगण्यासारखं आहे. कुंडी टप्प्याटप्प्याने उगवतीच्या खिडकीपाशी आणली, मिश्रण बदललं, कुंडी तीच ठेवली. पाणी आता पान वाकवून बघितल्याशिवाय देत नाही. त्या बिनपानांच्या काड्या तारेच्या कडीवर गुंडाळल्या आणि त्यांच्यावर पानं धरली! आणि आज सकाळी दोनपैकी एका दांड्याच्या टोकावर टाचणीच्या डोक्याएवढे हिरवट-गुलाबी दाणे दिसले. मोजायचा मोह आवरला, हात लावला नाही.

आता काय करू आणि काय नको? कुंडी फिरवत राहायची का, म्हणजे सगळीकडे सारखी वाढेल?

गच्चीकर

अभिनंदन! मनापासून!

कुंडी फिरवू नका. कळ्या धरलेला होया जागेवरून हलवला, उजेडाची दिशा बदलली की कळ्या पिवळ्या पडून गळू शकतात. कुंडीच्या कडेला खिडकीच्या बाजूला चिकटपट्टीचा तुकडा लावून ठेवा. पाणी द्यायला खाली उतरवलीत तरी पुन्हा तीच बाजू खिडकीकडे जाईल.

कळ्या गळायचं दुसरं मोठं कारण म्हणजे मुळं पूर्ण कोरडी पडणं. इतर वेळी पान मऊ होईपर्यंत थांबायचं, पण कळ्या असताना जरा आधी द्या. मिश्रण वरून सुकलं, आत किंचित ओल आहे, अशा वेळी. फार कोरडी हवा, थंड-गरम झोत हेही टाळा. कळ्यांवर पाणी फवारू नका. दाणे दिसल्यापासून फुलं उमलायला काही आठवडे लागतात, कधी महिना उलटतो. मधे काहीच घडत नाहीये असं वाटेल. वाटू द्या.

पहिल्या बहरात अर्ध्या कळ्या गळाल्या तरी खचू नका, तरुण वेलीत ते होतं. दांडा शाबूत राहिला म्हणजे झालं.

नवांकुर

ओलीमाती, तुमच्या वेलीची फांदी लावायची झाली तर कशी लावतात? मलाही कार्नोसा वाढवायचाय.

रानवेल

फुलं होऊन जाऊ देत, मग दोन पेरांची फांदी घ्या. फार कोवळी नको, फार लाकडासारखीही नको. कापल्यावर चीक थांबेपर्यंत ठेवा. खालच्या पेराची पानं काढून ते पेर ओलसर स्फॅग्नम शेवाळात किंवा पाण्यात बुडवा. ऊब हवी, 22 ते 28 अंश असेल तर उत्तम, आणि उजेड भरपूर पण थेट ऊन नको. साधारण तीन ते सहा आठवड्यांत मुळं येतात. पाण्यातली मुळं दोन-तीन सेंटीमीटरची झाली की मिश्रणात लावा, फार लांब होऊ दिलीत तर लावताना मोडतात. एका कुंडीत चार-पाच फांद्या एकत्र लावल्या तर ती लवकर भरते. फुलांसाठी दोन-तीन वर्षं धरून चाला.

पांढऱ्या-गुलाबी पट्ट्यांची जात घेणार असाल तर हिरवा रंग असलेली पेरं निवडा. संपूर्ण पांढऱ्या पानांची फांदी स्वतःचं पोट भरू शकत नाही, मुळं धरण्याआधीच मरते.

सांजसावली

ओलीमाती, फुलं उमलली की वास येईल ना, तो कसा असतो? मला उग्र वासाने डोकं दुखतं, म्हणून विचारते. माझ्या झोपायच्या खोलीत उगवतीची खिडकी आहे.

ओलीमाती

दोनच दिवस झाले उमलून! वीसेक फुलं आहेत. दिवसा नाक जवळ नेलं तरच कळतो, अंधार पडला की मात्र आपसूक खोलीभर होतो. मला मधाचा आणि थोडा चॉकलेटचा वाटतो. उग्र नाही म्हणणार, पण गोड आणि जड आहे. खाली पुस्तकांवर मधाचे थेंब पडायला लागले, म्हणून कपाटावर जुनी चादर टाकलीये.

गच्चीकर

सांजसावली, वास संध्याकाळनंतर वाढतो, कारण रानात होयाच्या बऱ्याच जातींकडे रात्री पतंग येतात. तुमचा त्रास बघता झोपायच्या खोलीत कार्नोसा नको. बसायच्या खोलीत जागा असेल तर तिथे टांगा, किंवा होयाचीच लॅक्युनोसा ही जात बघा. तिचा वास मसाल्याचा, दालचिनीच्या जवळ जाणारा असतो आणि अनेकांना तो सोसतो. तरी घेण्याआधी फुललेल्या वेलीपाशी संध्याकाळी जाऊन स्वतः वास घ्या.

ओलीमाती, फुलं सुकली की ओढू नका, आपोआप गळू द्या. मधाचे थेंब पुस्तकांच्या पुठ्ठ्यावर पडले असतील तर ओल्या कोमट फडक्याने आजच पुसा, वाळल्यावर निघत नाहीत.